लाकडी धनुष्याची दोरी हाताला लागते? आधी वळ कुठे उठलाय ते बघा

बाण सुटला, फाट् असा आवाज झाला आणि पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला आग आग झाली. लाकडी किंवा बांबूचं धनुष्य हातात घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे कधी ना कधी होतं. एखाद्या वेळी झालं तर सोडून द्यावं. पण दर सत्रात दोन-तीनदा होत असेल, किंवा कित्येक आठवडे सगळं सुरळीत चालून अचानक सुरू झालं असेल, तर त्यामागे ठरावीक कारण असतं आणि थोडं डोकं लावलं तर ते सापडतं.

यावर मैदानावर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा दोन शब्दांचा असतो. कोणी म्हणतं "आर्मगार्ड (हातावर बांधायचं चामड्याचं संरक्षण) घाल", कोणी म्हणतं "कोपर फिरव". आर्मगार्डने दुखणं थांबतं, दोरी लागणं थांबत नाही. कोपराचा सल्ला बरोबर आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही. ज्यांची अडचण कोपरात नसतेच, ते बिचारे कोपर फिरवून फिरवून खांदा दुखवून घेतात. म्हणून कोणाला दोरी लागली की मी आधी बाही वर करायला सांगतो. वळ कुठे उठलाय यावरून निम्मं निदान होतं.

पुढचं सगळं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहिलंय, म्हणजे धनुष्य डाव्या हातात, बाण धनुष्याच्या डाव्या बाजूला आणि दोरी तीन बोटांनी ओढलेली. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.

वळ वाचायचा कसा

धनुष्याला दोरी चढवा आणि मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. यालाच ब्रेस हाईट म्हणतात. आता अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यापासून तेवढंच अंतर हातावर मोजून पेनाने आडवी रेघ मारा. बाण सोडल्यावर दोरी जिथे येऊन स्थिरावते, ती जागा साधारण ही.

वळ या रेघेच्या मनगटाकडच्या बाजूला असेल, तर दोरी आपल्या विसाव्याच्या जागेच्या पुढे येऊन लागतेय. तोवर बाण दोरीतून निघून गेलेला असतो. हात दुखतो, पण बाण तुलनेने जागच्या जागी बसतो. इथे पहिला संशय ब्रेस हाईटवर घ्यायचा आणि दुसरा आत वळलेल्या मनगटावर.

वळ रेघेच्या कोपराकडच्या बाजूला असेल, तर बाण अजून दोरीवर असतानाच दोरी हाताला घासली आहे. असा बाण भलतीकडे जातो आणि दर वेळी वेगळीकडे जातो. "आज बाण कुठेही जातायत" आणि "आज हात सुजलाय" या दोन तक्रारी एकाच दिवशी आल्या की कारण बहुधा एकच असतं. रेघेच्या जरा वर, हाताच्या मांसल भागावर वळ असेल तर पकड आणि कोपर तपासायचं. कोपराच्या खळग्याजवळ किंवा दंडावर असेल तर कोपर उलटं ताठ होतंय, खांदा आत येतोय, किंवा धनुष्य झेपत नाही.

दोन-तीन फटके एकाच भागावर बसले की सगळंच लाल होतं आणि काही कळेनासं होतं. त्यामुळे वळाची वाट न बघता तपासलेलं बरं. लांब, गडद रंगाचा चामड्याचा आर्मगार्ड घाला. दोरीवर बाण लावायच्या जागेपासून खाली वीतभर शाळेतला पांढरा खडू चांगला चोळा. चार-पाच पावलांवरून गवताच्या गठ्ठ्यावर पाच बाण सोडा आणि आर्मगार्डवर पांढरी खूण कुठे उमटली ते बघा. फिका आर्मगार्ड असेल तर खडूऐवजी गेरू. बाण न लावता नुसती दोरी सोडून मात्र तपासू नका. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्यातच जिरते आणि लाकूड तडकतं.

मनगटाजवळ लागते: ब्रेस हाईट

लाकडी धनुष्याच्या बाबतीत सगळ्यांत जास्त दुर्लक्षित कारण हेच आहे. अचानक सुरू झालेल्या त्रासात तर मी आधी पट्टीच काढतो. तुमच्या उभं राहण्यात, ओढण्यात काहीच बदललेलं नसतं. बदललेली असते ती दोरी. नवीन दोरी ताणत जाते. डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी पहिल्या काही सत्रांत हमखास लांबते, शिवाय तिचे फासे खाचांमध्ये घट्ट बसत जातात. अंबाडी किंवा तागाची दोरी हवेप्रमाणे लांबी बदलते. दोरी लांबली की ब्रेस हाईट कमी होते, दोरी मनगटाच्या आणखी जवळ येऊन थांबते आणि थांबताना थरथरत मनगटाला चाटून जाते.

मोजायची जुनी युक्ती म्हणजे धनुष्याच्या मुठीवर आपली बंद मूठ ठेवून अंगठा उभा करायचा. अंगठ्याचं टोक दोरीला टेकलं पाहिजे. मोठ्या माणसाच्या हाताने हे ६ ते ७ इंच भरतं आणि लांब लाकडी धनुष्यांना तेवढीच ब्रेस हाईट लागते. बनवणाऱ्याने आकडा सांगितला असेल तर तोच खरा. तो कागदावर लिहून भात्याला चिकटवा आणि दर वेळी दोरी चढवल्यावर पट्टीने मोजा. चढवल्या चढवल्या लगेच नको. चार-पाच बाण सोडून दोरी बसली की मग मोजा. मुठीच्या आतल्या बाजूपासून मोजायचं की बाहेरच्या, हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. लाकडी मूठ इंचभर सहज जाड असते, त्यामुळे दोघांचं माप जुळत नाही म्हणून वाद घालणारे लोक मी पाहिलेत.

कमी भरली तर दोरीला पीळ द्यायचा. दोरी उतरवा, एका टोकाचा फासा काढा, दोरीला मुळात ज्या दिशेने पीळ आहे त्याच दिशेने पाच-सहा पीळ द्या, परत चढवा, मोजा. उलट्या दिशेने दिलात तर फाशांजवळचं वळण उकलायला लागेल. एका दमात पाव इंचापेक्षा जास्त वाढवू नका. प्रत्येक वेळी काही बाण सोडून बघा. थरथर कमी होते, आवाज बदलतो आणि एका ठिकाणी हात शांत वाटतो. तिथेच थांबा. दोरी मोकळी सोडल्यावर स्वतःभोवती गुंडाळून गाठी पाडायला लागली तर पीळ पुरे झाला. ती दोरी त्या धनुष्याला लांबच आहे, आखूड दोरी घ्या. खालच्या टोकाला फासा नसून सोडता येणारी गाठ असेल तर काम आणखी सोपं, गाठ थोडी वर सरकवून परत आवळा. दोरीच्या मध्ये गाठ मारून ती आखूड करायचा उद्योग मात्र करू नका, दोरी तिथेच तुटते.

"मग आठ-साडेआठ इंच करून टाकू, लागायचा प्रश्नच नाही" असं कोणाला वाटेल. त्याने दोरी लागणं थांबेलही, पण बाणाला ढकलायचं अंतर कमी होऊन जोर घटतो आणि लाकूड विनाकारण जास्त वाकलेलं राहतं. लाकडी धनुष्य अशाने कायमचं वाकतं. दोरी उतरवल्यावरही त्याची टोकं तुमच्याकडे झुकलेली दिसतात. अशा धनुष्यात चढवलेली दोरीही पुरेशी ताठ राहत नाही, बाण सुटल्यावर ती जास्त हेलकावते, म्हणजे पुन्हा तोच त्रास. कोकणात पावसाळ्यात हे लवकर होतं, कारण लाकूड आणि बांबू दोन्ही ओल धरतात. सराव संपला की दोरी उतरवायची आणि धनुष्य कोपऱ्यात भिंतीला टेकवून न ठेवता आडवं ठेवायचं, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

अजून एक. दोरी ताणते म्हणून वैतागून न ताणणारी आधुनिक धाग्याची दोरी जुन्या लाकडी धनुष्याला लावू नका. ताण न घेणारी दोरी झटका थेट टोकांना देते आणि मजबुती न दिलेली टोकं फुटतात.

हाताच्या मध्यावर लागते: पकड

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या आधुनिक धनुष्याची मूठ हाताला सांगते की मला कुठे धर. लाकडी धनुष्याची मूठ तसं काही सांगत नाही. ती सरळ किंवा गोल असते आणि काठी धरल्यासारखी ती घट्ट पकडावीशी वाटते. तशी पकडली की मूठ तळहातात खोल जाते, मनगट आत वळतं आणि हात बरोबर दोरीच्या वाटेवर येतो.

तळहातावर आयुष्यरेषा शोधा. धनुष्याचा दाब त्या रेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला, अंगठ्याच्या बुंध्याच्या उंचवट्यावर आला पाहिजे. रेषेच्या पलीकडे, करंगळीकडच्या गादीवर दाब आला की मनगट वाकलंच समजा. हात रहदारी थांबवायला करतात तसा पुढे करा, मग पंजा थोडा बाहेरच्या बाजूला कलता करा, म्हणजे बोटांच्या पेरांची ओळ उभीही नाही आणि आडवीही नाही, साधारण ४५ अंशांत येईल. आता धनुष्य बेचक्यात ठेवा. बोटं सैल. धनुष्य पडू नये एवढंच त्यांचं काम.

पकड नीट बसलीय का, हे ओढायच्या आधीच दिसतं. चढवलेलं धनुष्य बाण न लावता, दोरी न ओढता, नेमाच्या स्थितीत समोर धरा आणि मित्राला वरून बघायला सांगा. दोरी आणि हात यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत, असं मी धरतो. एकही जात नसेल तर दोरी लागणारच, तुम्ही कितीही छान सोडा.

घट्ट पकडीचा दुसरा तोटा असा की बाण सुटायच्या क्षणी माणूस मूठ आणखी आवळतो आणि धनुष्य हातात पिळलं जातं. दोरी त्या पिळाबरोबर हाताकडे वळते. गोल मुठीच्या बांबूच्या धनुष्यात हे फार होतं, कारण गोल मूठ हातात फिरायला मोकळीच असते. उपाय साधा आहे. मुठीवर सुती दोरी किंवा चामड्याची पट्टी गुंडाळा आणि त्याखाली तळहाताच्या बाजूने दोरीचा एक उभा तुकडा ठेवा, म्हणजे एक बारीक कणा तयार होईल. दर वेळी तो कणा आयुष्यरेषेच्या आत, त्याच जागी लागला की धनुष्य सरळ धरलंय हे न बघता कळतं.

कोपर

आता तो प्रसिद्ध सल्ला. तो बरोबर आहे, पण कसा करायचा हे सांगितलं जात नाही, म्हणून लोक कोपराऐवजी अख्खा हात फिरवतात आणि पकड बिघडवतात.

भिंतीपासून हातभर अंतरावर आडवे उभे राहा. धनुष्याचा हात खांद्याच्या उंचीवर लांब करून तळहात भिंतीला टेकवा, पंजा वर सांगितल्याप्रमाणे कलता. कोपराचा खळगा आता बहुधा छताकडे बघतोय. तळहात भिंतीवरून अजिबात न हलवता फक्त कोपर असं फिरवा की खळगा समोर, म्हणजे तुमच्या छातीच्या दिशेने, उभा होईल आणि कोपराचं टोक बाहेर पाठीकडे जाईल. पहिल्या दिवशी तळहात सरकेल किंवा खांदा कानाला लागेल. खांदा खाली ठेवा. हे दिवसातून चार वेळा, बस थांब्यावर, लिफ्टमध्ये, कुठेही करता येतं. काही दिवसांत कोपर मनगटापासून वेगळं फिरवायला हात शिकतो. जमत नसेल तर आधी दोन्ही हातांनी मोठ्या झाडाच्या बुंध्याला मिठी मारल्यासारखे हात धरा; कोपरं आपोआप बाहेर जातात. त्याच स्थितीत कोपर न हलवता फक्त पुढचा पंजा उभा करा.

कोपर फिरलं की हाताचा मांसल भाग दोरीच्या वाटेतून बाजूला होतो. फरक थोडाच असतो, पण तोच पुरतो.

काही जणांचं कोपर सरळ होऊन थांबत नाही, आणखी मागे जातं आणि हात उलटा कमानदार होतो. शिवाय हात सरळ केल्यावर दंड आणि पुढचा हात यांच्यात जो नैसर्गिक कोन असतो, तो स्त्रियांमध्ये सरासरीने थोडा जास्त असतो. त्यामुळे मुलींना दोरी जास्त लागते आणि वर "तुझीच चूक" असं ऐकून घ्यावं लागतं. चूक कसली, हाड तसं आहे. अशांनी कोपर पूर्ण ताठ करूच नये. एखादा अंश वाकलेलं, पण स्थिर ठेवावं आणि भिंतीचा व्यायाम याच स्थितीत करावा. वाकलेलं कोपर धनुष्याच्या ओढीने आणखी वाकत असेल, तर हलक्या धनुष्यावर यावं लागेल. दुसरा इलाज नाही.

कोपराच्या वर, दंडावर लागते

इथे खांद्याकडे बघायचं. बाजूने कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केलं तर लगेच कळतं: ओढता ओढता धनुष्याकडचा खांदा वर उचलला जातो आणि आत, दोरीकडे येतो. याची दोन कारणं नेहमीची. एक म्हणजे धनुष्य जड. पूर्ण ओढून पाच-सहा सेकंद खांदा न उचलता, न थरथरता धरता येत नसेल तर ते धनुष्य अजून तुमचं नाही. लाकडी धनुष्यावर लिहिलेले पाउंड, म्हणजे ओढायला लागणारा जोर, बहुधा २८ इंच ओढीचे असतात, हे लक्षात ठेवून तुलना करा. दुसरं म्हणजे गरजेपेक्षा जास्त ओढणं. रिकर्व्हला असतो तसा, ओढ पुरी झाली की टक् करून सांगणारा क्लिकर इथे नाही. उत्साहात हात हनुवटीवरून कानापर्यंत जातो, छाती फिरते आणि पुढचा खांदा दोरीच्या रेषेत घुसतो. ओढीचा हात ओठांच्या कोपऱ्याशी किंवा हनुवटीखाली, कुठे थांबवायचा ते एकदा ठरवा. ठरलेल्या मापापेक्षा जास्त ओढलेलं लाकूड तुटतं, हे वेगळं सांगायला नको.

उभं राहण्यात एक छोटा बदल पटकन गुण देतो. दोन्ही पावलं लक्ष्याच्या रेषेत असतील तर पुढचं, म्हणजे डावं पाऊल अर्धं पाऊल मागे, पाठीच्या दिशेने घ्या. छाती किंचित लक्ष्याकडे उघडते आणि खांदा दोरीपासून दूर जातो. फार उघडलात तर पाठीचे स्नायू कामाला येत नाहीत, म्हणून अर्धंच पाऊल.

कधी लागते, कधी नाही

वर सांगितलेल्या अडचणी बहुतेक दर बाणाला दिसतात. अधूनमधून लागणारी दोरी बहुधा सोडण्यातून येते. तीन बोटांवरून दोरी निसटते तेव्हा ती बोटांच्या टोकांना वळसा घालत थोडी डावीकडे, म्हणजे हाताकडे ढकलली जाते. बोटं सैल सोडली तर हे ढकलणं नगण्य असतं. पण बोटं उघडून, हात बाहेर झटकून दोरी सोडली की ती मोठा हेलकावा घेते. सोडल्यावर तुमचा मागचा हात कुठे जातो ते बघा. तो गालाला घासत मागे, मानेकडे गेला पाहिजे. चेहऱ्यापासून लांब हवेत गेला तर दोरी झटकली गेली. बोटांवरचं चामडं जुनं होऊन त्याला दोरीची खोल खाच पडली असेल तर तेही दोरीला अडकवतं, बदलून टाका.

सत्राच्या शेवटीच लागत असेल तर थकवा. त्या दिवसापुरतं थांबा.

कपडे: सैल बाही, ओढणी, जॅकेट. आवाज येतो, बाण भरकटतो आणि हाताला वळ नसतो, तेव्हा बाही बघा. बांधा किंवा दुमडा.

हलका बाण हेही कारण असतं आणि ते पटकन ध्यानात येत नाही. बाण हलका असला की धनुष्याची सगळी ताकद तो घेऊन जात नाही. उरलेली दोरीत आणि पात्यांत, म्हणजे मुठीच्या वरखालच्या वाकणाऱ्या भागांत, थरथरत राहते. लाकडी धनुष्याला ओढीच्या दर पाउंडामागे साधारण १० ग्रेन (बाण तोलायचं छोटं माप) वजनाचा बाण धरतात. ३० पाउंडाच्या धनुष्याला ३०० ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. सोनाराकडच्या किंवा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोकासकट एक बाण ठेवून बघा.

धनुष्याचाच दोष असेल तर

रिकर्व्हची पाती कारखान्यातून बहुधा न पिळलेली येतात. एका लाकडातून किंवा बांबूच्या फाकेतून घडवलेलं धनुष्य थोडंफार पिळलेलं असू शकतं. दोरी चढवून ते समोर उभं धरा आणि एक डोळा मिटून, दोरीच्या बाजूने बघा: दोरी मुठीच्या बरोबर मध्यावरून जाते का? डावीकडे, म्हणजे हाताच्या बाजूला झुकलेली दिसली, तर तुम्ही काहीही न करता दोरी हाताच्या जवळ आहे. मूठ आणि पाती वरखाली सारखी असतील तर धनुष्य उलटं धरून बघा, वरचं टोक खाली. झुकाव उजवीकडे जातो. पण बहुतेक धनुष्यांत खालचं पातं मुद्दाम थोडं कडक ठेवलेलं असतं. अशांचं उलटंसुलटं परस्पर करू नका, बनवणाऱ्याला विचारा. बारीक पीळ तो टोकाच्या खाचेत दोरीची जागा किंचित सरकवून काढू शकतो. इंडियन राउंडसाठी (आपल्याकडचा बांबूच्या धनुष्याचा स्पर्धाप्रकार) धनुष्य विकत घेताना मुलांना मी पाउंड विचारायच्या आधी हे बघायला लावतो.

भिल्लांच्या धनुष्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याला दोरीच्या जागी बांबूच्या सालीची चिवट कामटी असते. ती सुती दोरीसारखी पीळ देऊन आखूड करता येत नाही आणि तिची कड लागली की कातडी सोलते. हौसेने असं धनुष्य घेतलंत तर वरचे ब्रेस हाईटचे उपाय तिथे चालणार नाहीत, पकड आणि कोपर यांवरच भर द्यावा लागेल.

क्युदो या जपानी धनुर्विद्येत हा प्रश्न दुसऱ्याच टोकाने सुटतो. तिथलं बांबू-लाकडाचं लांब धनुष्य सोडल्यावर मुठीत स्वतःभोवती फिरतं आणि दोरी हाताच्या बाहेरच्या बाजूला जाऊन थांबते. सरावलेले लोक आर्मगार्ड घालत नाहीत. पण तिथे दोरी अंगठ्याने ओढतात, बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला असतो आणि ती पकड बसायला वर्षं लागतात. चित्रफीत बघून आपल्या तीन बोटांच्या ओढीत मूठ सैल सोडून धनुष्य फिरवायचा प्रयत्न करू नका.

आर्मगार्ड घालावाच का?

हो. दोष सापडला, सुधारला, तरी घालावा. काही जुन्या हातांना तो नवशिक्यांचा अलंकार वाटतो. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात, ७५व्या सूक्तात, कवच आणि भात्याबरोबर हाताला सापासारखं वेटोळं घालून दोरीचा मार अडवणाऱ्या हस्तघ्नाची स्तुती आहे. विराटपर्वात अर्जुन बृहन्नडा व्हायचं ठरवतो, तेव्हा त्याची पहिली काळजी हीच असते की दोन्ही हातांवरचे दोरीचे घट्टे लपवायचे कसे. मग तो बांगड्या घालतो. सव्यसाचीला घट्टे पडले, तिथे आपली काय कथा.

बहुतेक लोक तो मनगटाला चिकटवून बांधतात आणि दोरी त्याच्या वरच्या कडेच्या पलीकडे लागते. खडूची खूण जिथे उमटते, ती जागा आर्मगार्डच्या मध्यावर आली पाहिजे. कोपर उलटं जाणाऱ्यांनी दंडापर्यंतचा लांब घ्यावा. चामडं गुळगुळीत हवं. वरच्या बाजूला बटणं, जाड शिवण किंवा बक्कल असेल तर दोरी तिथेच अडकते, म्हणून बांधायचे पट्टे हाताच्या बाहेरच्या बाजूला घ्या. बाही खाली दाबायलाही तोच कामी येतो.

फटका बसल्यावर

बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा. पहिले दोन दिवस चोळू नका, गरम शेक नको. निळं-जांभळं पडणं, मग पिवळं होणं हे नेहमीचंच. सूज वाढत गेली, बोटांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या लक्षणांची वाट बघू नका, आधीच दाखवा.

हाताला लागलेलं एक-दोन आठवड्यांत बरं होतं, धास्ती मात्र राहते. पुढच्या वेळी बाण सोडायच्या आधीच हात आक्रसतो, डोळे मिटतात, पकड आवळली जाते आणि कोपर पुन्हा वर फिरतं. म्हणजे फटका बसायची सगळी तयारी आपणच करतो. अशा वेळी "घाबरू नको" म्हणण्याने काही होत नाही. दंडापर्यंतचा आर्मगार्ड, खाली जाड बाही, जमेल तितकं हलकं धनुष्य आणि चार पावलांवर गवताचा गठ्ठा. त्यावर लक्ष्याचा कागदही लावू नका. कागद दिसला की माणूस नेम बघतो, हाताकडे लक्ष राहत नाही. बाण गठ्ठ्यात रुतेपर्यंत पुढचा हात तसाच ठेवायचा, एवढंच काम. खडूची खूण उमटायची थांबली की आधी धनुष्य बदला, नंतर अंतर वाढवा. दोन्ही एकाच दिवशी नको.

मुलांचं आणखी सांभाळायचं असतं. मोठ्यांचा आर्मगार्ड मुलाच्या हातावर फिरतो आणि दोरी उघड्या बाजूला लागते. त्यापेक्षा जाड मोजा पाऊल कापून हातावर चढवलेला बरा. वर्गात एकच धनुष्य पाच जण वापरत असतील तर ब्रेस हाईट रोज सुरुवातीला एकाने मोजून फळ्यावर लिहावी. आणि दहा वर्षांच्या मुलाला दादाचं धनुष्य झेपत नसेल तर "खेच, खेच" म्हणून ओरडण्यापेक्षा त्याच्यासाठी १२ ते १५ पाउंडाचं बनवून घ्या.